विश्लेषण : रस्ता नाही, फक्त विमान! अलास्कातील जंगल-केबिनवर शरद ऋतूत मासा आधी कुणाचा?

सप्टेंबर उजाडला की अलास्कातील कोडियाक बेटावरून पाण्यावर उतरणारी छोटी विमाने एकामागून एक उडू लागतात. आत तीन-चार प्रवासी, गळाच्या काठ्या, आठवडाभराचा शिधा आणि रबरी बूट. थोड्याच वेळात विमान डोंगरांमधल्या एखाद्या तळ्यावर उतरते, माणसे आणि सामान काठावर सोडते आणि परत जाते. पुढचे काही दिवस त्या माणसांच्या सोबतीला असते ती एक लाकडी केबिन, सॅमन माशांनी भरलेली नदी आणि जगातील सर्वांत मोठ्या अस्वलांमध्ये गणली जाणारी तपकिरी अस्वले. माणूस आणि अस्वल, दोघेही एकाच वेळी एकाच माशासाठी नदीवर आलेले असतात. हौशी पर्यटकांसाठी हा आयुष्यभराचा अनुभव. अस्वलासाठी मात्र हिवाळा निभावण्याचा प्रश्न. आणि ज्या माशावर हे सगळे उभे आहे, तो मासा गेल्या काही वर्षांत बेभरवशाचा होत चालला आहे.

या केबिन आहेत कुठे आणि कुणाच्या?

अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडे जास्त. लोकसंख्या मात्र साडेसात लाखांच्या आत. राज्यातील बहुतांश गावे रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेलीच नाहीत. राजधानी जुनोलाही बाहेरून रस्त्याने पोहोचता येत नाही. बोट किंवा विमान हाच मार्ग. त्यामुळे विमानाने जंगलात जाणे ही तिथे केवळ श्रीमंतांची चैन नाही, दळणवळणाची रोजची रीत आहे.

सरकारी मालकीच्या केबिनसाठी दोन ठिकाणे विशेष ओळखली जातात. पहिले कोडियाक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान. १९४१ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मुख्यतः अस्वलांच्या रक्षणासाठी ते जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे १९ लाख एकर असून कोडियाक बेटाचा जवळपास दोन तृतीयांश भाग त्यात येतो. बेट गोव्याच्या अडीचपट असेल. कोडियाक द्वीपसमूहात अस्वले सुमारे साडेतीन हजार. इथे मोजक्याच सार्वजनिक केबिन आहेत आणि तिथे विमानाने किंवा बोटीनेच जाता येते. दुसरे ठिकाण आग्नेय अलास्कातील टोंगास राष्ट्रीय वन. सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचे हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन असून तिथे वनसेवेच्या दीडशेच्या आसपास केबिन आहेत.

केबिन म्हणजे बंगला नव्हे. एक खोली, झोपण्यासाठी फळ्यांचे माचे, टेबल, उबेसाठी रॉकेलचा किंवा लाकडाचा स्टोव्ह आणि बाहेर काही अंतरावर खड्ड्याचे शौचालय. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी ओढ्यातून आणून उकळायचे किंवा गाळायचे. अंथरूण, भांडी, इंधन सगळे घरून न्यायचे. भाडे फारसे नसते, पण तिथवर नेणाऱ्या विमानाचे बिल त्याच्या कितीतरी पट होते. स्वयंपाकी आणि वाटाड्या पुरवणारे खासगी लॉजही आहेत. त्यांचा आठवड्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो.

विमान आले नाही तर?

चाकांऐवजी दोन लांब तराफे बसवलेल्या या विमानाला फ्लोट प्लेन म्हणतात. त्यातील सर्वांत नावाजलेले म्हणजे कॅनडात बनलेले डी हॅविलंड बीव्हर. त्याचे पहिले उड्डाण १९४७ मधले आणि उत्पादन १९६७ मध्ये थांबले. तरी १६०० हून अधिक बनलेल्या या विमानांपैकी बरीच आजही दुरुस्त होत, नवी इंजिने बसवत उडत आहेत. थोड्या पाण्यात उतरता येते आणि थोड्या पाण्यातून उडता येते, ही त्याची खासियत.

प्रत्येक किलोचा हिशेब होतो. प्रवाशांचे वजन विचारताना वैमानिक भीड ठेवत नाही. अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा प्रवाशांच्या शेजारी ठेवता येत नाही. डबा चुकून फुटला तर वैमानिकाला डोळे उघडता येणार नाहीत. म्हणून तो तराफ्याच्या आतल्या कप्प्यात ठेवतात. मोठ्या प्रवासी विमानांत तर तो फवारा आणि स्टोव्हचे इंधन नेताच येत नाही, त्यामुळे दोन्ही शेवटच्या शहरात विकत घ्यावे लागते.

खरा मालक हवामान. ही उड्डाणे बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते त्याच्याच भरवशावर होतात. शरद ऋतूत या किनाऱ्यावर धुके, वारा आणि पाऊस यांचे राज्य असते. ढग खाली आले की विमान येत नाही. कधी एक दिवस, कधी तीन दिवस. म्हणून ठरलेल्या मुक्कामापेक्षा काही दिवसांचा शिधा जास्त न्यावा, असे तिथले अधिकारी आणि वैमानिक प्रत्येकाला बजावतात. गळाला मासे लागतीलच, तेच खाऊ, असा हिशेब करून जाणारे उपाशी राहू शकतात. अलास्काच्या उत्तर आणि आतल्या भागात आणखी एक मर्यादा आहे. तळी गोठू लागली की तराफे निरुपयोगी, आणि स्कीवर उतरावे इतका बर्फ अजून जाड नसतो.

शरद ऋतूच का?

आपल्या बाजारातील रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचा या माशाशी कुळाचा संबंध नाही. अलास्कात पॅसिफिक सॅमनच्या पाच जाती आहेत : किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. सगळ्या गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. कोकणात पहिल्या पावसाला ओढ्यातून शेतात शिरणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. फरक इतकाच की पॅसिफिक सॅमनसाठी ही यात्रा शेवटची असते. अंडी घालून झाली की पाचही जातींचे मासे मरतात.

यातला कोहो उशिरा येणारा. कोडियाकच्या नद्यांत तो ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत चढतो. समुद्रातून नुकताच आलेला कोहो चांदीसारखा चमकतो, म्हणून त्याला सिल्व्हर असेही म्हणतात. गळाला लागल्यावर तो पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि गळाने मासेमारी करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. ज्या मंडळींना मासा पकडून सोडून द्यायचा असतो, त्यांचे लक्ष डॉली व्हार्डन आणि रेनबो ट्राउटकडे असते. हे मासे सॅमनच्या मागोमाग फिरत वाहून आलेली अंडी आणि मेलेल्या सॅमनचे मांस खातात आणि सप्टेंबरअखेर चांगले गुबगुबीत होतात. त्यांना फसवायला अंड्यासारखा दिसणारा रंगीत मणी वापरतात. मणी गळापासून किती अंतरावर असावा, यालाही नियम आहे. अंतर जास्त असेल तर गळ तोंडाऐवजी माशाच्या डोळ्यात किंवा अंगात घुसतो.

नदीकाठी बाकीच्यांचीही पंगत बसलेली असते. पांढऱ्या डोक्याचे गरुड, नदीतली पाणमांजरे, कोल्हे, कुरव. कोडियाकवर मूळचे म्हणावेत असे जमिनीवरचे सस्तन प्राणी सहाच आहेत : अस्वल, तांबडा कोल्हा, पाणमांजर, अर्मिन, टुंड्रा उंदीर आणि एक लहान वटवाघूळ. आज केबिनच्या अंगणात चरणारी हरणे आणि डोंगरकड्यांवरच्या पांढऱ्या शेळ्या माणसाने विसाव्या शतकात आणून सोडल्या. शेजारच्या अफोग्नाक बेटावर सप्टेंबरमध्ये एल्क नरांचे शीळ घातल्यासारखे ओरडणे ऐकू येते. तेही १९२०च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आणलेल्या कळपाचे वंशज.

अस्वलाला एवढी घाई कशाची?

हिवाळ्यात गुहेत पडून राहिलेले अस्वल खात नाही, पीत नाही. या काळात त्याचे वजन एक तृतीयांशापर्यंत घटू शकते. ती तूट आधीच भरून ठेवावी लागते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरद ऋतूत त्याची भूक जणू भागतच नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेला हायपरफेजिया म्हणतात. कोडियाकचा मोठा नर ६८० किलोपर्यंत भरू शकतो. मासे मुबलक असतील तर अस्वल अख्खा मासा खातही नाही. कातडी, मेंदू आणि अंडी हा चरबीचा भाग खाऊन बाकीचा टाकून देते. हे टाकलेले मासे कोल्हे, पक्षी आणि शेवटी झाडे वापरतात. समुद्रातून आलेला नायट्रोजन नदीकाठच्या झाडांच्या खोडांतही शास्त्रज्ञांना सापडला आहे.

मादीच्या बाबतीत तर हा हिशेब पुढच्या पिढीचा आहे. मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते, पण फलित बीज गर्भाशयात रुजते ते शरद ऋतूच्या अखेरीस, आणि मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच. मासे कमी पडले तर जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत पिल्ले जन्मत नाहीत.

ही गोष्ट जगभर पोहोचवण्याचे श्रेय कॅटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या 'फॅट बेअर वीक'ला द्यावे लागेल. २०१४ मध्ये एका दिवसाची गंमत म्हणून सुरू झालेल्या या ऑनलाइन मतदानात आता दहा लाखांहून अधिक मते पडतात. ब्रूक्स नदीवरील कॅमेऱ्यांतून लोक अस्वले पाहतात आणि सर्वांत लठ्ठ कोण ते ठरवतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ग्रेझर ही मादी जिंकली, तर २०२५ मध्ये जबडा मोडलेला चंक. हा प्रकार थोडा पोरकट वाटला तरी लठ्ठपणा म्हणजे जगण्याची हमी, हे त्याने नीट समजावले. ब्रूक्स कॅम्पलाही रस्ता नाही. तिथेही विमानाने किंवा बोटीनेच जावे लागते.

गळाला मासा लागला आणि अस्वल आले, तर?

तर दोर तोडायचा. मासा सोडून द्यायचा आणि शांतपणे मागे सरायचे. ब्रूक्स कॅम्पवर उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी अस्वलांबाबतचा वर्ग करावा लागतो. अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे.

यामागचा विचार केवळ माणसाच्या जिवाचा नाही. गळाच्या चाकाचा आवाज किंवा पाण्यात तडफडणारा मासा म्हणजे आयते जेवण, हे अस्वल एकदा शिकले की विसरत नाही. मग ते प्रत्येक मासेमाराकडे चालत येते आणि शेवटी गोळी खाते. म्हणून पकडलेले मासे दोरीला बांधून पाण्यात ठेवू नयेत, साफ केल्यावर उरलेले काटे-आतडी तुकडे करून खोल, वेगवान प्रवाहात टाकावीत, अन्न उघड्यावर ठेवू नये, असे नियम आणि संकेत आहेत. तिखट फवाऱ्याचा उपयोग होतो का, हा नेहमीचा प्रश्न. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील घटना तपासणाऱ्या २००८ च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन फवाऱ्याने ९२ टक्के वेळा थांबल्याचे आढळले. कोडियाकवर अस्वलाच्या हल्ल्यात माणूस दगावणे फारच विरळ. १९९९ मध्ये एका शिकाऱ्याचा झालेला मृत्यू हा कित्येक दशकांतील पहिला होता.

हा समजूतदारपणा जुना नाही. एकेकाळी मासे डबाबंद करणाऱ्या उद्योगाला अस्वल म्हणजे मासेचोर वाटे. १९६०च्या दशकात गुरेपालकांच्या तक्रारींवरून राज्याच्या यंत्रणेने विमानातून अस्वले टिपलीही होती.

अस्वले नदी सोडून झुडपांत का शिरली?

कोडियाकवरील एका संशोधनाने या साऱ्या चित्राला अनपेक्षित वळण दिले. कार्लुक तळ्याला मिळणाऱ्या लहान ओढ्यांत उन्हाळ्यात सॉकाय अंडी घालायला येतात. उथळ पाण्यात मासा पकडणे सोपे असल्याने तिथे अस्वलांची गर्दी ठरलेली. त्यानंतर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, डोंगरउतारावर लाल एल्डरबेरी पिकते आणि अस्वले तिकडे वळतात. आधी मासे, मग फळे, असा हा क्रम.

२०१४ चा उन्हाळा उबदार होता. एल्डरबेरी लवकर पिकली आणि मासे ओढ्यात असतानाच झुडपे लालभडक झाली. अस्वलांनी माशांनी भरलेले ओढे सोडले आणि ती फळांमागे गेली. विल्यम डीसी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'पीएनएएस' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. मासा सोडून फळ कशाला? उत्तर पचनात आहे. सॅमनमध्ये प्रथिनांचे प्रमाण फार जास्त; ती पचवण्यातच ऊर्जा जाते. एल्डरबेरीतील प्रथिने अस्वलाचे वजन झपाट्याने वाढवणाऱ्या प्रमाणाच्या बरीच जवळ आहेत.

म्हणजे अस्वलाचे बिघडले नाही, असे कुणी म्हणेल. पण दोन जेवणे एकापाठोपाठ मिळत होती, ती एकाच वेळी आली, तर त्यातले एक हुकते. शिवाय माशांचे अवशेष जंगलात पोहोचवणारा हमाल त्या वर्षी कामावरच आला नाही. तापमानवाढीचा परिणाम म्हणजे प्राणी कमी होणे, एवढेच आपण धरून चालतो. इथे ना मासे संपले ना फळे. बिघडले ते वेळापत्रक.

मग मासे कमी होत आहेत की नाहीत?

एका शब्दात उत्तर देता येत नाही. ब्रिस्टल बेमध्ये २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. तो विक्रम होता. त्याच काळात युकॉन नदीत किंग आणि चम सॅमनची संख्या कोसळली. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनवरील किंगची मासेमारी सात वर्षे, म्हणजे या माशाच्या एका पूर्ण जीवनचक्रासाठी, थांबवण्याचा करार केला. सीमेपलीकडच्या मूळ नद्यांसाठी ७१ हजार मासे पोहोचावेत, हे उद्दिष्ट ठेवले आहे. तापलेला समुद्र आणि नदी, परजीवी रोग, खोल समुद्रातील ट्रॉलरच्या जाळ्यांत नकळत अडकणारे मासे, अशी अनेक कारणे चर्चेत आहेत. ट्रॉलरचा वाटा किती, यावर तर जोरदार वाद आहे.

मासा लहानही होत आहे. सहा दशकांतील सुमारे सव्वा कोटी माशांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. १९९० पूर्वीच्या तुलनेत २०१० नंतर परतणारा किंग सरासरी ८ टक्क्यांनी, कोहो ३.३ टक्क्यांनी आखूड झाल्याचे त्यात दिसले. मासे समुद्रात पूर्वीपेक्षा कमी वर्षे राहून परतत आहेत, हे त्याचे मुख्य कारण. लहान मादी कमी अंडी घालते.

अशा वेळी मासा आधी कुणाला? अलास्काच्या राज्यघटनेतच माशांचा वापर त्यांचे उत्पादन टिकून राहील असा करावा, असे कलम आहे. त्यामुळे पहिला हक्क नदीचा. आडवे जाळीदार कुंपण घालून, मनोऱ्यावर माणूस बसवून किंवा सोनारने, वर चढणारे मासे अक्षरशः मोजले जातात. ठरलेला आकडा गाठला जाईल असे दिसले तरच मासेमारी खुली राहते. तसे दिसले नाही तर ऐन हंगामात आदेश निघतो आणि वर्षभर आधी केबिन आरक्षित केलेल्या पर्यटकाला काठी म्यानात ठेवावी लागते. दुसरा हक्क स्थानिकांच्या पोटाचा. १९८० च्या अलास्का भूमी कायद्याने दहा कोटी एकरांहून अधिक जमीन संरक्षित केली आणि केंद्र सरकारच्या जमिनीवर मासे अपुरे असतील तेव्हा ग्रामीण रहिवाशांच्या उदरनिर्वाहाला हौशी व व्यापारी मासेमारीपेक्षा प्राधान्य दिले. युकॉनवर मात्र तो हक्कही आज कोरडाच आहे. मासा कापायचा, वाळवायचा आणि त्याला धुरी द्यायची हे मुले जिथे आजी-आजोबांकडून शिकत, ते नदीकाठचे उन्हाळी तळ ओस पडले आहेत. पर्यटकाची एक सहल हुकते. त्यांचे हिवाळ्याचे अन्न जाते.

हा दुर्गमपणा टिकेल का?

केबिनपर्यंत रस्ता नाही, हे निसर्गामुळे खरे. पण ते तसेच राहिले ते कायद्यामुळे. टोंगास वनातील ९० लाख एकरांहून अधिक भागात २००१ च्या केंद्रीय नियमाने नवे रस्ते आणि मोठी लाकूडतोड यांना मनाई केली. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने टोंगासला या नियमातून वगळले. जानेवारी २०२३ मध्ये बायडेन प्रशासनाने संरक्षण पुन्हा लागू केले. जून २०२५ मध्ये अमेरिकी कृषिमंत्र्यांनी हा नियम देशभरातूनच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. रस्ते झाले तर लाकूड, खाणी आणि वीजप्रकल्पांना वाव मिळेल, रोजगार वाढेल, असे समर्थकांचे म्हणणे. आग्नेय अलास्कातील अनेक आदिवासी समुदाय, मच्छीमार आणि पर्यटन व्यावसायिकांचा त्याला विरोध आहे. त्यांचा मुद्दा ओढ्यांचा आहे. लाकूडतोडीसाठी पूर्वी बांधलेल्या रस्त्यांखालच्या कित्येक मोऱ्या सॅमनला वर चढू देत नाहीत, आणि त्या बदलण्याचे काम वनसेवेला आजही करावे लागत आहे.